पानाशिवाय भाजलेला पाव

कोबीची पानं राहिली हे ओडिलियाच्या लक्षात आलं, तेव्हा भट्टीच्या तोंडाला फळी लागून आणि फटींना ओली कणीक लिंपून बराच वेळ झाला होता. पानं ओट्यावर परातीत तशीच होती. धुतलेली, देठं काढलेली, पालथी घालून निथळत ठेवलेली. तिने पानांकडे पाहिलं, मग भट्टीकडे, मग पुन्हा पानांकडे. मनातल्या मनात जपमाळेचा एक मणी पुढे सरकवला आणि परात हळूच पायाने टेबलाखाली लोटली.

"काय लपवतेस?" सासूबाईंनी मागे न वळताच विचारलं.

"काही नाही, आई."

"इतकी वर्षं सून आहेस या घरात, अजून धड खोटं बोलता येत नाही तुला. शिकायला हवं होतंस. क्रँडनांकडे उपयोगी पडतं."

विनिफ्रेड क्रँडन खिडकीशी उभ्या राहून बीन्सच्या मडक्यात काकवी ओतत होत्या. ऐंशी ओलांडलेली बाई, पण पाठ फळीसारखी ताठ. त्यांची नजर मात्र बाहेर अंगणात होती. सफरचंदाच्या झाडांखाली लांब टेबलं मांडली होती आणि त्यांवर ऑल्डन क्रँडन स्वतः चादरी अंथरत होता. एक सुरकुतीसुद्धा राहू देत नव्हता.

"बघ, कसा हात फिरवतोय," विनिफ्रेड म्हणाल्या. "माझ्या आईच्या चादरीवर. घर आमच्याकडे, चादरी आमच्या, अंगण आमचं. नाव तेवढं त्याच्याकडे."

ओडिलियाच्या डोळ्यांपुढे कोरडी, तापलेली भट्टी होती आणि त्यात उघड्या दगडावर बसलेले सहा पाव. ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी सगळे क्रँडन जमतात, त्या दिवशी ही जुनी भट्टी पेटते, तिच्यात राई या गव्हासारख्या धान्याचा आणि मक्याचा काळा पाव भाजला जातो आणि पावाखाली कोबीचं पान घातलं जातं. का घातलं जातं, हे कुणालाच सांगता येत नसे. विनिफ्रेडच्या आजीने त्यांना एक ओळ शिकवली होती, त्यांनी ती लग्नाच्या पहिल्याच वर्षी ओडिलियाला शिकवली होती: पान खाली, पाव वर; खालचं राहो खालीच बरं.

न्यू बेडफर्डला ओडिलियाच्या वडिलांची बेकरी होती. तिथे पाव सरळ विटांवर पडायचा. आज सकाळी भट्टी झाडताना तिने सवयीने ओला कुंचा घेतला, दगड आरशासारखा लख्ख पुसला, आणि त्याच सवयीने हात पुढचं काम करून मोकळा झाला. पानं आठवली ती नंतर.

आणि विसरली तीही नेमकी आज. दुसऱ्या एखाद्या वर्षी विसरली असती तर हसण्यावारी गेलं असतं.

कारण आज जेवण झालं की सभा होती. ऑल्डनने सगळं आयुष्य खर्चून क्रँडन घराण्याचा ग्रंथ लिहिला होता, सोमवारी तो छापायला जाणार होता. ग्रंथाच्या पहिल्या पानावर वंशवृक्ष. सगळ्यात वर झॅकियस क्रँडन, जो इंग्लंडहून गलबतात बसून आला, त्या काळी इथे जंगल आणि दलदल यांखेरीज काही नव्हतं. त्याच्याखाली त्याची बायको पेशन्स. तिच्यापासून निघालेल्या सगळ्या फांद्या काळ्याभोर सरळ रेघांनी जोडलेल्या. एक फांदी तेवढी तुटक रेघेची. ती मर्सीची. विनिफ्रेडची आई, तिची आई, तिची आई, असं मागे मागे गेलं की शेवटी मर्सी लागते.

मर्सी जन्मली सोळाशे सत्त्याण्णव साली. गावाच्या नोंदीप्रमाणे पेशन्स त्याच्या पाच वर्षं आधी वारली. ऑल्डनचं एकच वाक्य होतं आणि ते तो दरवर्षी म्हणायचा. "विनी, मेलेल्या बाईला मुलं होत नाहीत."

मग मर्सी कुणाची? याचं उत्तर ऑल्डन देत नसे. तो फक्त चष्मा पुसायचा. त्या चष्मा पुसण्यात एक मोलकरीण असायची, एक अंधारी माडी असायची, आणि विनिफ्रेड चाळीस वर्षं त्या चष्म्याशी भांडत होत्या. प्लिमथ, बोस्टन, एकदा तर समुद्रापलीकडे इंग्लंडातल्या डेव्हनपर्यंत जाऊन आल्या. दफनभूम्यांतून गुडघे टेकून दगडांवरचं शेवाळ खरवडलं. पेशन्सचा दगडसुद्धा कधी सापडला नाही.

गेल्या हिवाळ्यात छपाईचा कच्चा कागद टपालाने आला. तुटक रेघ पाहून विनिफ्रेड एवढंच म्हणाल्या, "माझी आई तुटक रेघेखालीच गेली. मीही जाईन." आणि भांडी घासायला लागल्या. त्या दिवशी ओडिलियाने पवित्र आत्म्याला नवस बोलला, की ही रेघ सरळ होईपर्यंत कॉफीत साखर घालणार नाही. तिच्या कॉफीत दोन भरलेले चमचे लागायचे. नवऱ्यालाही तिने हे सांगितलं नव्हतं. सांगितलेला नवस अर्धा होतो, असं तिची आजी म्हणायची.

"वास आला," विनिफ्रेड म्हणाल्या. "काढ आता."

ओडिलियाने कणीक खरवडून फळी ओढली. काकवीचा, राईचा गरम वास तोंडावर आला. पाव सुरेख फुगले होते. कडेचे चार तिने लांब दांड्याच्या लाकडी पाटीवर घेऊन बाहेर काढले. मधले दोन जरा फिके वाटले म्हणून आणखी थोडा वेळ ठेवले. तिचा नवरा नेट टोपल्या घेऊन दारात उभाच होता.

"सरळ ने," ती म्हणाली. "पालथा करू नकोस एकही."

"का? पानाची नक्षी दाखवायची असते ना सगळ्यांना?"

"नेट. सरळ ने."

लग्नाला पुरेशी वर्षं झालेल्या नवऱ्यासारखा तो निमूट गेला.

मधले दोन निघाले तेव्हा मात्र इलाज नव्हता. पाव शिजला की नाही हे बुडाशी टिचकी मारल्याशिवाय कळत नाही, आणि हे बेकरीवाल्याच्या मुलीला श्वासासारखं होतं. तिने फडक्यात धरून पाव पालथा केला, टिचकी मारली. आवाज पोकळ आला, म्हणजे शिजला होता. पण बोटाच्या पेराला काहीतरी टोचलं.

बुडाला चिरा पडल्या असतील म्हणून तिने पाव खिडकीशी धरला. त्या चिरा नव्हत्या. पावाच्या पाठीवर उंचवटे उठले होते, ओळीत, एकाखाली एक, नीट अंतर राखून. अक्षरं होती ती, फक्त उलटी.

"आई," ती म्हणाली. "माझी चूक झाली. मी पानं विसरले."

"ते मला तू परात ढकललीस तेव्हाच कळलं. कोळसा चिकटला का?"

"नाही. नाव चिकटलंय."

विनिफ्रेडनी चष्मा लावला, काढला, फडक्याने पुसून पुन्हा लावला. मग मागच्या दाराशी टांगलेला आरसा त्यांनी भिंतीवरून उपटूनच आणला. त्या आरशात सासरे दाढी करायचे. टेबलावर आरसा उभा केला, पाव त्याच्यापुढे धरला. आरशात अक्षरं सुलटी झाली.

*पेशन्स, झॅकियस क्रँडन याची पत्नी.*

विनिफ्रेड खाली बसल्या. खुर्ची तिथे होती म्हणून बरं, नाहीतर जमिनीवर बसल्या असत्या.

"हा दगड थडग्याचा आहे," त्या म्हणाल्या. "पाटीचा दगड. भट्टीचा तळ म्हणून टाकलाय कुणीतरी. कुणी टाकला असेल ग?" आणि मग त्यांना हसू यायला लागलं. आधी खांदे हलले, मग टेबल. "मी हिला शोधायला डेव्हनला जाऊन आले, ओडिलिया. बोटीत आठवडाभर उलट्या केल्या. आणि ही माझ्याच स्वयंपाकघरात उताणी पडून माझे पाव भाजत होती."

ओडिलियालाही हसू आवरेना. दोघी एकमेकींचे हात धरून लहान मुलींसारख्या हसल्या. "दुसरा बघ," विनिफ्रेड डोळे पुसत म्हणाल्या. "दुसरा दाखव लवकर."

दुसरा पाव आरशापुढे आला.

*समुद्रात बुडून देवाघरी गेली. सन १६९२.*

हसू तिथेच थांबलं. बाहेर कुणीतरी लिंबाच्या सरबतात बर्फ ओतत होतं, तेवढाच आवाज.

"म्हणजे ऑल्डनचं खरं," विनिफ्रेड अगदी शांतपणे म्हणाल्या. "दगडावर कोरलंय. बुडाली. पाच वर्षं आधी." त्यांनी पाव खाली ठेवला. मग हात पुढे केला. "लोणी दे."

"आई?"

"लोणी दे म्हणते ना."

"आई, तुम्ही हे खाणार?"

"पाव आहे. पावाचं दुसरं काय करतात?"

"पुरावा आहे हो तो. चाळीस वर्षं शोधलात."

"शोधला, सापडला, आता खाणार. त्याच्या ग्रंथात हा फोटो नको मला. तुटक रेघ परवडली, तिच्याखाली 'सप्रमाण' नको." त्यांनी सुरी चालवली. १६९२ चा एक मोठा तुकडा लोण्यात माखून तोंडात घातला. "बसून काय राहिलीस? खा. एकटीला संपायचा नाही."

"मला पाप वाटतं."

"हे पाप नाही, दुपारचं जेवण आहे."

ओडिलियाने मनात क्षमा मागितली आणि एक छोटा तुकडा उचलला. पाव उत्तम झाला होता, त्याला ती काय करणार. सासू-सून समोरासमोर बसून समुद्रात बुडलेल्या बाईची तारीख चावत होत्या. तेवढ्यात विनिफ्रेडनी सुरी खाली ठेवली.

"बाकीचे चार," त्या म्हणाल्या. "बाहेर गेले."

ओडिलिया उठून धावली. टोपल्या रिकाम्या झाल्या होत्या. चारही पाव चार टेबलांवर पोचले होते, चाळीस-पन्नास क्रँडन बीन्सवर तुटून पडले होते. ती हसत, वाकत, "जरा बघू हं, जरा खालून करपलाय का बघते," म्हणत पहिल्या टेबलापाशी पोचली. तिथे नव्वदी पार केलेले एबनरआजोबा बसले होते, घराण्याच्या सभेचे अध्यक्ष. त्यांच्यापुढे पितळी घंटा होती आणि त्यांच्या हातात पावाचा शेवटचा चतकोर.

"खालून करपला असेल तर वरून खातो," आजोबा म्हणाले. "वय काय माझं, निवड करायचं?"

ती दुसऱ्या टेबलाकडे वळणार, इतक्यात ऑल्डनच्या बायकोचा, लुएलाचा, आवाज आला. लुएला कधीच आवाज चढवत नसे. हवामान सांगावं तसं ती म्हणाली, "ऑल्डन, हा पाव मला दात दाखवतोय."

लोणी लावायला तिने पाव उपडा केला होता. पावाच्या बुडावर एक कवटी होती. गोल डोळे, ओळीने दात, आणि एका बाजूला पिसांचा पंख.

शेजारच्या टेबलावर ऑल्डन क्रँडनच्या हातातला काटा बीन्समध्ये पडला. पांढराशुभ्र लिननचा कोट घातलेला हा सत्तरीतला गृहस्थ वाकून बायकोच्या बशीपाशी नाक नेऊन उभा राहिला. "पंखांची कवटी," तो पुटपुटला. "थडग्याच्या दगडावरची. सतराशेच्या आधीचं काम. लुएला, हलू नकोस. श्वास घेऊ नकोस याच्यावर." मग त्याने मान वर केली. त्याच्या चेहऱ्यावर ओडिलियाने आजवर न पाहिलेलं काहीतरी होतं. शाळा सुटलेल्या पोराचा आनंद. "दुसरा पंख कुठे आहे? कुणाच्या बशीत पंख आहे?"

अंगणात एकच गोंधळ उडाला. जो तो आपापला पाव उपडा करू लागला. दुसरा पंख तिसऱ्या टेबलावर सापडला, टोकाला थोडा कुरतडलेला. ऑल्डनने दोन्ही पाव विनिफ्रेडच्या आईच्या चादरीवर जोडून ठेवले आणि एका मोठ्या कवटीने सगळ्या क्रँडनांकडे पाहून दात विचकले. पोरं टाळ्या पिटू लागली.

"मधला भाग नाही," ऑल्डन म्हणाला. "नाव मधे असतं. ओडिलिया, आणखी पाव होते?"

ओडिलियाला खोटं बोलता येत नसे, हे वर आलंच आहे. "दोन होते, ऑल्डनकाका."

"कुठे आहेत?"

"एक आत आहे. एक..." तिने मागे पाहिलं. विनिफ्रेड पायरीवर आल्या होत्या, पाठ ताठ, हातात नावाचा पाव.

"एक मी खाल्ला," त्या म्हणाल्या.

"का?"

"भूक लागली."

"विनी, सभेच्या आधी तू कधी घासभरही खात नाहीस. काय लिहिलं होतं त्याच्यावर?"

"ते तुला माहीतच आहे. चाळीस वर्षं सांगतोयस."

"आणि तुझ्या हनुवटीवर अजून थोडा पुरावा आहे. डावीकडे."

विनिफ्रेडनी हनुवटी पुसली. टेबलांवर हसू पसरलं. आता तो चष्मा पुसेल, ओडिलियाला वाटलं. नेमका आज, सगळ्यांपुढे. ऑल्डनने चष्मा काढलासुद्धा. पण तो पुसायचं विसरला. नावाचा पाव त्याने दोन्ही हातांनी घेतला, लुएलाच्या पावडरच्या डबीतला आरसा त्याच्यापुढे धरला, आणि एकेका अक्षराखाली बोट धरत नाव वाचलं. "पेशन्स," तो म्हणाला. "अगं, तू इथे होतीस."

तेवढ्यात नेट म्हणाला, "काका, तुमच्या बशीतला बघितलात का?"

ऑल्डनच्या बशीत सहावा पाव होता. अर्धा त्याने खाल्ला होता. उरलेला अर्धा बीन्सच्या रसात उभा होता. नेटने तो उचलून झटकला आणि पालथा केला. या पावावरची अक्षरं वेगळी होती. बाकीची कारागिराची होती, गोल, सारखी. ही वेडीवाकडी, एकमेकांवर आदळणारी, पण खोल दाबून काढलेली. लुएलाने आरसा तिकडे वळवला आणि तिनेच वाचलं, त्याच हवामानाच्या आवाजात.

"*अजून नाही.*"

"काय?"

"'अजून नाही' लिहिलंय. खाली पे. क्रँ. आणि मग सोळाशे काहीतरी. पुढचं तू खाल्लंस, ऑल्डन."

ओडिलियाच्या डोक्यात लख्ख उजेड पडला, आणि ती स्वतःशीच बोलावं तशी बोलून गेली. "बुडाली म्हणून दगड केला. आणि ती परत आली. घरी येऊन बघते तर अंगणात स्वतःचा दगड."

"मग?" एबनरआजोबांनी कानाला हात लावला.

"मग तिने त्याच्यावर लिहिलं, अजून नाही. आणि उचलून भट्टीत घातला. जन्मभर पाव भाजले त्याच्यावर."

हसण्याची लाट आधी बायकांच्या टेबलावरून उठली. एक म्हणाली, "मी असते तर नवऱ्याच्या डोक्यात घातला असता." दुसरी म्हणाली, "नवऱ्याने दुसरी बघून ठेवली असेल, ती पळाली असेल बिचारी." पण विनिफ्रेड हसत नव्हत्या. त्यांनी पायरीचा कठडा धरला होता. "साल," त्या म्हणाल्या. "साल कुठलं, ऑल्डन?"

"खाल्लं ना मी," तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात खरंच रडू होतं.

"दगड आहे की आत," ओडिलिया म्हणाली. "पाव खाल्लात तुम्ही. दगड कुणी खाल्ला नाही."

सगळं घराणं स्वयंपाकघराच्या दारात दाटलं. ओडिलियाने भट्टीत हात घालून पाहिला. "हाताला सोसतंय. डोक्याला सोसेल."

"कोट काढ," लुएला म्हणाली.

ऑल्डनने ऐकलं नाही. टॉर्च घेऊन तो गुडघ्यांवर बसला आणि पांढऱ्या कोटासकट खांद्यांपर्यंत भट्टीत शिरला. बाहेर राहिले त्याचे पाय आणि इस्त्रीची विजार. आतून फुंकण्याचा आवाज आला, मग खोकला, मग बराच वेळ काहीच नाही. विनिफ्रेड त्या पायांशी उभ्या होत्या. ओडिलियाने त्यांचा हात हातात घेतला. त्यांनी तो काढून घेतला नाही.

"विनी," भट्टीतून आवाज आला, घुमटातून यावा तसा.

"काय."

"मर्सी कधीची?"

"तुला पाठ आहे."

"तू सांग."

"सत्त्याण्णव. वसंतातली."

"इथे शहाण्णव आहे," आवाज म्हणाला. "स्पष्ट आहे. सळईने कोरलंय, पण स्पष्ट आहे. ती शहाण्णवला या घरात होती. जिवंत होती. आणि चांगलीच चिडलेली होती."

"म्हणजे?"

"म्हणजे काय ते तुला कळलंय."

"मला तुझ्या तोंडून ऐकायचंय. आणि आत्ताच बोल, भट्टीत आहेस तोवर. बाहेर आलास की पुन्हा विद्वान होशील."

विजारीचे पाय जरा हलले. "मर्सी पेशन्सची मुलगी," भट्टी म्हणाली. "लग्नाची, घरची. मी चुकलो. आता मला मागे ओढा कुणीतरी, माझा खांदा अडकलाय."

नेट आणि आणखी दोघांनी त्याला पाय धरून ओढला. बाहेर आला तो धुराड्यातून आल्यासारखा. कोट गेला होता, भुवया काळ्या, मधे दोन लालबुंद, आनंदी डोळे. त्याने राखेचा हात विनिफ्रेडपुढे केला. त्यांनी तो हात पाहिला, आपल्या एप्रनने पुसला, आणि मग धरला.

"आमची आजीसुद्धा म्हणायची," एबनरआजोबा मागून म्हणाले. "पान खाली, पाव वर, खालचं राहो खालीच बरं. मला वाटायचं राख लागू नये म्हणून."

"मर्सीने काढलं असणार ते," विनिफ्रेड म्हणाल्या. "लाजाळू असणार बिचारी. पाद्रीबुवा जेवायला यायचे, आणि आईची थट्टा त्यांच्या पावावर उठायची. झाकायला पान घातलं. मग सगळ्यांनीच झाकलं."

"आणि मी विसरले," ओडिलिया म्हणाली.

"तू विसरलीस," विनिफ्रेड म्हणाल्या. त्यांनी सुनेकडे पाहिलं, आणि त्या पाहण्यात एवढ्या वर्षांत न बोललेलं बरंच काही होतं, पण तोंडाने त्या एवढंच म्हणाल्या, "एखादी गोष्ट विसरावी तर अशी."

सभा भट्टीपुढेच झाली. घंटा वाजवायला एबनरआजोबा विसरले, कुणाला आठवणही झाली नाही. ऑल्डनने कच्चा कागद ओट्यावर पसरला, खिशातून पेन काढलं, आणि तुटक रेघेची एकेक फट शाईने भरत गेला. पेशन्सपासून मर्सीपर्यंत. शेवटच्या फटीपाशी तो थांबला आणि पेन विनिफ्रेडपुढे धरलं. त्यांनी ती फट भरली. रेघ जरा वाकडी गेली, आणि कागदावर ऑल्डनच्या अंगठ्याचा काळा ठसा उमटला.

"हा असाच छापतो," तो म्हणाला.

"चार वर्षं ती होती कुठे पण?" लुएलाने विचारलं. "बुडाल्यापासून परत येईपर्यंत?"

सगळे ऑल्डनकडे वळले. त्याने चष्मा काढला, पुसायला लागला, आणि या खेपेला त्या चष्मा पुसण्यात कुणी मोलकरीण नव्हती. "शोधावं लागेल," तो म्हणाला. "विनी, येशील? बोटीने जावं लागेल बहुधा."

"कुठे?"

"इथून वादळात सापडलेली गलबतं वाहत पार पोर्तुगिजांच्या फायाल बेटाला लागायची पुष्कळदा."

"फायालला माझी आजी होती," ओडिलिया हळूच म्हणाली. कुणी ऐकलं नाही, विनिफ्रेडखेरीज.

दुपार कलली. पाहुणे ॲपल पाय आणि बीन्सचा दुसरा हंडा शोधत अंगणात पांगले. कवटीचे दोन पाव ऑल्डनने वर्तमानपत्रात गुंडाळून मांडीवर घेतले होते. तो ते कुणाला हात लावू देत नव्हता. स्वयंपाकघरात ओडिलिया परातीतली कोबीची पानं बाजूला काढत होती. उद्याच्या सूपात जातील, म्हणून.

मागून कपबशीचा आवाज आला. विनिफ्रेडनी दोन कप कॉफी ओतली होती. मग त्यांनी कपाटाच्या वरच्या फळीवरून साखरेचा डबा उतरवला, त्यावरची धूळ फुंकली, आणि ओडिलियाच्या कपात एक चमचा घातला. भरलेला. मग दुसरा.

ओडिलिया पाहतच राहिली. "आई, तुम्हाला कुणी सांगितलं?"

"मी म्हातारी आहे, आंधळी नाही. हिवाळ्यापासून हा डबा फळीवरून खाली आलेला नाही." त्यांनी कप तिच्यापुढे सरकवला. "माझ्यासाठी कुणी साखर सोडेल असं मला वाटलं नव्हतं. पी."

ओडिलियाने घोट घेतला आणि तिचं तोंड वाकडं झालं. इतक्या महिन्यांत जीभच बदलली होती. "फार गोड झालीय हो."

"संपव," विनिफ्रेड म्हणाल्या, आणि स्वतःच्या कपात तिसरा चमचा घातला. "नवस फेडताना तोंड वाकडं करू नये."